आरशात सरळ दिसलेलं नाव

मी धंद्यानं टीव्ही मेकॅनिक. कमलनगरला बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे, केस पांढरे व्हायला लागले तिथंच. "टीव्ही आपोआप चालू व्हायलाय", "बंद रेडिओतून माणूस बोलायलाय" — असली बोलावणी मला वर्षातून चार-दोनदा येतातच. जाऊन बघावं तर रिमोटचं बटण दबून बसलेलं, नाहीतर आत पाल मरून पडलेली. अशी कितीतरी भुतं मी सोल्डरगननं उतरवलीत. त्यामुळे इथं या ग्रुपवर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी चहा पीत वाचतो आणि मनात म्हणतो, बाबा रे, आधी वायर तपासलास का?

तर आज मीच लिहायला बसलोय. वायर तपासून लिहितोय.

हुलसूरला माझी थोरली बहीण असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, त्यामुळे मला खरं तर अक्कानंच वाढवलं. तिच्या कडेवर बसून मी चालायला शिकलो असं सगळे म्हणतात... म्हणजे कसं शिकलो देव जाणे! त्या नादात तिची शाळा राहिली ती राहिलीच. सही म्हणून अंगठाच.

दाजी मात्र शिकलेले. कॉम्प्युटर म्हणजे काय हे हुलसूरला कुणाला माहीत नव्हतं तेव्हा त्यांनी घराच्या समोरच्या खोलीत क्लास काढला. हैदराबादवरून एक जुनं मशीन आणलं — टीव्हीसारखं एकच डबडं, त्याच्यातच कॉम्प्युटर, पुढं कीबोर्ड, आणि काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. रंग म्हणून तेवढा एकच. आजूबाजूच्या गावची पोरं सायकलवर येऊन त्याच्यावर टायपिंग शिकली. पुढं मोबाईल आले, क्लास बंद पडला, पण ते मशीन तिथंच राहिलं, कारण दाजींनी त्याच्यावर आणखी एकीला शिकवलं होतं.

अक्काला. पेन धरलं की तिची बोटं ताठ व्हायची. दाजी म्हणाले, पेन राहू दे, बटणं दाब. मशीनमध्ये मराठी नव्हतं, कन्नडही नव्हतं, म्हणून इंग्रजीतली पाच बटणं तिनं पाठ केली — एस, यू, एम, ए, एन. सुमन. रोज देवाजवळ दिवा लावून झाला की दाजी मशीन चालू करायचे, अक्का एकेका बोटानं आपलं नाव उमटवायची, आणि दाजी मास्तरसारखा आवाज काढून हजेरी घ्यायचे, "सुमन?" अक्का पदर तोंडाला लावून म्हणायची, "हजर." म्हातारपण आलं तरी हे चालूच! मी चेष्टा करायचो तर दाजी म्हणायचे, "पाव्हणं, आमच्या क्लासची एकच विद्यार्थिनी उरलीय, हजेरी तरी नीट घेऊ द्या."

हे दाजी मागच्या वर्षी गेले.

कसे गेले ते सांगावं लागेल. रानात बोअरची मोटर चालेना. दाजी स्टार्टरच्या पेटीपाशी गेले. लाईट गेलेली होती. लाईट नाही म्हणून त्यांनी फ्यूज न काढताच पेटी उघडली, आत हात घातला... आणि लाईट आली. बस्स.

मला दुःख झालंच. पण खरं सांगतो, त्याच्याहून जास्त राग आला. लाईट गेली म्हणजे काय वायरी मेल्या काय? आमच्याकडं शेतातली लाईट कधी येईल, कधी जाईल ते ब्रह्मदेवाला माहीत नाही. एक फ्यूज काढायचा! एवढा शिकलेला माणूस, चार गावच्या पोरांना शिकवलेला, आणि असला मूर्खपणा? आलेल्या-गेलेल्यांसमोर मी हे वर्षभर बोलत आलो. अक्का ऐकायची आणि आत निघून जायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तिचा फोन आला. "बाळू, मशीनवर कायबी दिसंना झालंय रे. आधी अंधुक अंधुक दिसायचं, आता काळंच. तुझ्या दाजीच्या पानावर वाढायच्या आधी मला एकदा माझं नाव बघायचंय."

आयुष्यात माझ्याकडं तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी जाऊन बघून आलो. बाकी सगळं ठणठणीत होतं, पिक्चर ट्यूब म्हातारी झालेली. आतला फिलामेंट लाल व्हायचा, पण काचेवर उजेड येईना. ट्यूब बदलायला पाहिजे. आता असली नऊ इंची हिरवी ट्यूब आजच्या दिवसात कुठं मिळायची? शेवटी बिदरला एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर सापडली. डॉक्टर लोकांच्या कुठल्यातरी मशीनसाठी मागवलेली, कधीच न वापरलेली, खोक्यातली खोक्यातच. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ट्यूब गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी बसनं निघालो. भालकीला एक म्हातारी शेजारी बसली. गोधडीकडं बघून म्हणाली, "हळू धर की रे, मान सांभाळ. किती महिन्याचं हाय?" मी म्हणालो, "मावशे, तुझ्या लेकाएवढं हाय." ती हुलसूर येईपर्यंत माझ्याकडं संशयानं बघत होती.

अक्कानं दारातच अडवलं. पाणी नाही, चहा नाही.

"आधी वचन दे. प्लग काढल्याबिगर आत हात घालणार न्हाईस."

"अगं अक्का, मी काय आज मेकॅनिक झालोय का?"

"तुझे दाजीबी असंच म्हणायचे. माझी आन हाय बघ. माझं म्हणून आता एक तूच हाईस."

मी तिची शपथ घेतली. आणि खरंच, सुरुवातीला अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं काम केलं. प्लग काढला. मागचं झाकण उघडलं. ट्यूबच्या बाजूला रबराची टोपी असते, तिच्याखालून हजारो व्होल्ट आत जातात. मशीन बंद केलं तरी तो करंट काचेत दबा धरून बसतो. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तो आधी फ्रेमवर उतरवला. जुनी ट्यूब काढली, नवी बसवली, टोपी लावली, ट्यूबच्या मानेवर सॉकेट चढवलं. मग प्लग घातला आणि बटण दाबलं.

हिरवागार उजेड! इतका लख्ख की अक्का स्वयंपाकघरातून धावत आली, दाराशी उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. तिला म्हणालो, थांब, अजून चित्र तिरकं आहे, सरळ करतो, मग तुझं नाव काढ. ती डोळे पुसत मागच्या अंगणात गेली. तिथं पापड वाळत घातले होते.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. चित्र सरळ करायचं तर मागून ट्यूबच्या मानेवरची कॉइल फिरवावी लागते, आणि चित्र तर पुढं. म्हणून मेकॅनिक समोर आरसा ठेवतो. मागं बसून आरशात बघत काम करायचं. पूर्वी हुलसूरला काम असलं की आरसा दाजी धरायचे आणि मला छळायचे, "पाव्हणं, भांग नीट पाडा की जरा." या वेळी त्यांचाच दाढीचा आरसा खुंटीवरून काढला आणि समोरच्या खुर्चीवर टेकवून ठेवला. आरशात सगळं उलटं दिसतं, म्हणून आम्ही सगळ्या पडद्यावर एच अक्षर भरतो. एच दोन्हीकडून सारखाच. मीही काठोकाठ एच भरले होते. दुसरं काहीही टाईप केलं नव्हतं.

कॉइल फिरवली, चित्र सरळ झालं. पण त्या रबरी टोपीतून बारीक सस्स... सस्स... आवाज यायला लागला. टोपी नीट बसली नव्हती. आता प्लग काढावा म्हणून उठणार, तेवढ्यात पंखा मंद होत होत थांबला. पडदा विझला.

लाईट गेली.

मी पुन्हा खाली बसलो.

वाचणारे इथं कपाळावर हात मारतील. मारा. प्लग कपाटाच्या मागं होता, त्याच्यासाठी कपाट पुन्हा ओढावं लागलं असतं. आणि हुलसूरची दुपारची लाईट एकदा गेली की चांगली उन्हं कलल्याशिवाय येत नाही, हे आमच्या हाडात बसलंय. लाईट तर गेलीच आहे की! मनात नेमकं हेच वाक्य आलं. मशीनचं बटण चालूच राहिलं. दाजींची आठवण झाली का? नाही झाली. शपथेची? तीही नाही.

काचेतला करंट उतरवला. सॉकेट मानेवरून काढून बाजूला लोंबकळत सोडलं. टोपी काढली, आतल्या दोन आकड्या वाकलेल्या होत्या त्या चिमट्यानं सरळ केल्या. पुन्हा बसवायला लागलो तर बसेना. एका हातानं जमेना. मला काम शिकवणारे बिदरचे उस्ताद रोज ओरडायचे, "एक हात जेब में डाल के काम कर रे, दोनों हात अंदर गए तो तू भी गया!" आणि मी उजव्या हाताच्या बोटांत ती टोपी धरून डावा हात आत घातला. आधाराला म्हणून टेकवला तो सप्लायच्या उघड्या भागावर.

ट्यूब हलली तर नाही ना, म्हणून सहज मान वर करून आरशात बघितलं.

आरशात पडदा पेटलेला होता.

हिरवा. पहिल्यांदा वाटलं, दाराचा उजेड पडला असेल. पण अक्षरं होती. एच नव्हते. काळ्या पडद्याच्या मधोमध एकच शब्द, इंग्रजीत — सुमन.

माझे दोन्ही हात तसेच आत राहिले. पंखा बंद. खोलीत चिटपाखरू नाही. कीबोर्डपाशी कुणी नाही. आणि सॉकेट तर माझ्या मनगटाला लागून लोंबकळत होतं... म्हणजे ट्यूबला एकसुद्धा वायर नव्हती! माझ्यासमोर होती ती नुसती काच. तिच्यावर माझ्या बहिणीचं नाव स्वच्छ, शांत उमटलेलं. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

मग एकदम भीती भरली आणि मी दोन्ही हात ओढून मागं उडालो. डोकं भिंतीवर आपटलं, ज्वारीच्या पोत्यावर कोसळलो.

आणि लाईट आली.

पंखा गरकन फिरला. मशीन कुंई करून जागं झालं. जी टोपी क्षणापूर्वी माझ्या चिमटीत होती तिच्यातून निळी ठिणगी निघून फ्रेमवर टक्क... टक्क... टक्क आदळायला लागली. डाव्या हाताखाली जो सप्लाय होता त्याच्यावरचा बारका लाल बल्ब पेटला. खोलीभर तो करपट, कडवट वास. मी नुसता त्या ठिणगीकडं बघत होतो. एका बोटातून दुसऱ्या बोटात, मधून छाती... हे गणित मला झोपेतही येतं.

मागच्या अंगणातून अक्का धावत आली. पिठाचे हात, पदर खाली आलेला. मला वाटलं आवाज ऐकून आली. पण तिनं मशीनकडं बघितलंच नाही. ती खोलीत सगळीकडं बघत होती — दाराच्या मागं, कपाटाकडं, बाहेर रस्त्याकडं.

"कोण आलतं रे?"

"कोण न्हाई. कामून?"

"मला हाक कोण मारली मग?"

"मी न्हाई मारलो, अक्का."

"तू न्हाईस ते ठाव हाय मला. नावानं हाक मारली कोणतरी. हजेरी घेतल्यावानी. मी 'हजर' म्हणले आन उठलेच की पळत."

आमच्याकडं थोरल्या बहिणीला नावानं हाक मारत नाहीत, माझी तर जीभच वळणार नाही. माझी पोरं तिला आत्या म्हणतात, गल्ली काकू म्हणते. सासू-सासरे, आई-अप्पा कधीच गेले. तिला सुमन म्हणणारं माणूस साऱ्या हुलसुरात एकच होतं.

आरशात मी काय बघितलं ते मी तोवर तिला सांगितलेलं नव्हतं. एक अक्षरही नाही.

मग तिचं लक्ष मशीनकडं गेलं. ठिणगी दिसली. तिथून तिची नजर वायरीवरून सरकत सरकत कपाटाच्या मागं गेली. ती तिथवर चालत गेली, कपाट स्वतः ओढलं आणि प्लग उपटला. मला वाटलं आता शिव्या देईल, एक थोबाडीत ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं प्लग पदरात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि जमिनीवर बसली.

"कर आता," म्हणाली. "मी धरून बसते."

पुढचं सगळं काम तिनं तो प्लग मांडीवर धरून करून घेतलं. माझ्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. करंट उतरवताना तिनं डोळे मिटून घेतले होते. सगळं बसलं, झाकण लागलं, तरी प्लग सोडायला तयार नाही. शेवटी मी समोर दोन्ही हात पसरून दाखवले तेव्हा उठली.

संध्याकाळी दिवा लावून ती मशीनसमोर बसली. एकेका बोटानं पाच बटणं दाबली. नाव उमटलं. मी मागं उभा होतो. फार वाटलं की आपण हजेरी घ्यावी, पण तोंडातून 'अक्का'शिवाय काही निघेना. ती पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "हजर." मी बाहेर ओट्यावर जाऊन ढसाढसा रडलो. वर्षभरात पहिल्यांदा.

त्याच संध्याकाळी, आत यायच्या आधी डोळे पुसून मी मनाशी ठरवलं की याचं कारण शोधायचंच. मेकॅनिक आहे शेवटी. काचेत जुनं अक्षर कोरलं गेलं असेल? जुन्या पडद्यांना तसं होतं, रोज एकच अक्षर दाखवलं की त्याचा डाग पडतो. पण डाग पडला असता तर जुन्या ट्यूबवर, आणि ती तर बाजूला कोपऱ्यात पडलेली होती. ही नवी, खोक्यातली. उरलेला करंट? तो मी स्वतः उतरवला होता. आणि राहिला असता तरी दिसले असते ते एच. भास? मग अक्काला हाक कुणाची ऐकू आली?

आणि एक गोष्ट मला घरी परत आल्यावर, रात्री जेवताना सुचली आणि घास हातात राहिला. आरशात मी ते नाव सरळ वाचलं होतं. एस सरळ, एन सरळ. आरशात ते उलटं दिसायला पाहिजे. श्राद्धाला गेलो तेव्हा तोच आरसा त्याच खुर्चीवर ठेवून, अक्काकडून नाव उमटवून, मागं बसून बघितलं. उलटं दिसलं. एस उलटा, एन उलटा, पहिलं अक्षर शेवटी. पुन्हा बघितलं, तसंच. सरळ दिसायचा काही मार्गच नाही... समोर बसलेल्या माणसानं मागं बसलेल्याला वाचता यावं म्हणून मुद्दाम उलटं लिहिलं असेल तरच.

बिदरला जाऊन उस्तादांना सगळं सांगितलं. आता फार थकलेत, ऐकायला कमी येतं, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणालो, उस्ताद, बिना सॉकेटची ट्यूब पेटेल का? त्यांनी एवढंच विचारलं, "दूसरा हात किधर था?" मी खाली मान घातली. ते म्हणाले, "चाय पी."

तुमच्यात कुणाला ट्यूबमधलं कळत असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही, खरंच समजून घ्यायचंय. अक्काला आरशातलं मी श्राद्धाच्या दिवशी, पानं वाढून झाल्यावर सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, "त्यांनी तुला न्हाई वाचवले रे. मला वाचवले."

दाजींना मूर्ख म्हणायचं मी सोडलंय. परवा दुकानात एक गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, तुमचे दाजी एवढे शिकलेले, आणि एक फ्यूज काढता आला नाही? मी त्याचा टीव्ही तसाच उघडा त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, दुसरीकडं जा.